एका वेळी एक तुती

"दात किती?" हा तिचा पहिला प्रश्न असायचा. कडेवर मूल घेतलेली बाई टोपलीपुढे वाकली, की भाव सांगायच्या आधी ती हेच विचारायची. मग एक तुती उचलायची, देठ खुडायची, चिमटीत धरून अलगद चपटी करायची आणि त्या आईच्या तळहातावर ठेवायची. "असं द्यायचं, बाय. गोल गोल नाय द्यायचं."

तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील, माल विकण्यापेक्षा शिकवण्यातच ज्यांचा दिवस जातो. तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. खरं नाव मी कधी विचारलं नाही. ती खाडीपलीकडून, गोराईहून बोटीने यायची. गळ्यात काळ्या दोऱ्यात बारीकसा क्रूस, डोक्यावर टोपली. टोपलीत ऋतूप्रमाणे बोरं, तुती, करवंदं, जांभळं. बसायची ती माझ्या दुकानाच्या पायरीशी.

बोरिवलीत माझं फळांचं दुकान आहे. हातगाडीपासून सुरुवात करून मी ते उभं केलं. आता काचेचा फ्रीज आहे, त्यात डबीबंद ब्लूबेरी आहेत. भाव पाडण्यात माझा हात धरणारं बाजारात कोणी नाही. फक्त हिच्यापुढे माझं काही चालायचं नाही.

"सगळी टोपली दे. काय घेशील बोल."

"नाय देत."

"वर डझनभर केळी देते."

"सगळी तुला दिली तर दिवसभर करू काय? तुझं तोंड बघू?"

दुपारी बाजार पेंगायचा. निळ्या ताडपत्रीतून पाझरणारा उजेड पाण्यासारखा हलायचा आणि त्या उजेडात ती टोपलीवर ओलं फडकं टाकून बसलेली असायची. माझ्या दुकानातून ब्लूबेरी घेऊन उतरणाऱ्या आयांनाही ती थांबवायची. एक जण परत वर येऊन मला विचारू लागली, "काकी, ती मावशी म्हणते तसे ब्लूबेरीचेही चार तुकडे करून द्यायचे का हो?"

मी तडक पायरीवर गेले. "माझी गिऱ्हाइकं कशाला घाबरवतेस गं?"

"घाबरवत नाय. सांगते."

माझ्या नातीची, ओवीची, पहिली संक्रांत आली तेव्हा ती आठ महिन्यांची होती. आपल्याकडे बोरन्हाण कसं करतात ते तुम्हाला माहीतच आहे. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बाळ पाटावर, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे. आजूबाजूच्या पोरांनी ते वेचून खायचं. पण फळवालीची नात, तिला नुसती बोरं कशी चालतील? मी स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरीही घातल्या. सोसायटीतली सगळी पोरं बोलावली, मावशीलाही बोलावलं. ती बोरांची पिशवी भेट घेऊन आली आणि दाराशी बसली.

मी पातेलं ओतलं. पोरं तुटून पडली. टाळ्या, मोबाइल, नुसता कल्ला. त्या गोंधळात मावशीचा आवाज आला, "ती गप का झाली?"

कोणाला काही कळायच्या आत तिने पोरांना बाजूला सारून ओवीला उचललं होतं. आपल्या हातावर पालथी घेतली, डोकं खाली केलं आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने थाप मारली. एक. दोन. तीन. चौथ्या थापेला एक अख्खी ब्लूबेरी पाटावर पडली. मग ओवी रडली.

मावशीने तिला केतकीच्या, माझ्या सुनेच्या, हातात दिलं आणि माझ्याकडे वळली. "फळवाली ना गो तू? एवढ्याशा पोरीवर गोटे ओततेस?"

सगळ्या सोसायटीसमोर. मी काय बोलायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. पण माझ्या तोंडून आलं, "तुला इथे बोलावलं कोणी?"

तिने चपला घातल्या आणि निघून गेली.

त्या दिवसापासून केतकीने एक नियम केला. आवाज न चढवता म्हणाली, "आई, तुम्ही तिला खेळवा, फिरवा. खायला मात्र मीच देईन." अख्ख्या बोरिवलीला मी फळं खिलवते आणि माझ्याच घरात माझ्या हातची फोड चालत नाही! हा राग मी केतकीवर काढू शकत नव्हते. म्हणून तो मावशीवर धरला. चारचौघांत बोलली नसती तर केतकी एवढी घाबरली नसती, असं मी स्वतःला समजावत राहिले.

मावशी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पायरीवर. जणू काही घडलंच नाही. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. तुतीचे दिवस सुरू झाले तेव्हा तिनेच, माझ्याकडे न बघता, विचारलं, "पोरीला बसवून भरवतेस ना? आडवी ठेवून नको भरवू."

"मला भरवूच देत नाहीत," मी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होते.

तिने टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं. मग पानात एक तुती ठेवून तिने माझ्यापुढे धरली. "धुऊन घे. सुनेच्या देखत दाब. आणि तिच्या हातात दे. तिलाच भरवू दे."

"आणि मी?"

"तू बघ. तीन दिवस दुसरं काय नवीन द्यायचं नाय. अंगावर पुरळ आलं, उलटी झाली तर डॉक्टर. तोंड सुजलं, दम लागला तर थांबायचं नाय, तडक हॉस्पिटल. काय नाय झालं, तर मग दोन दे."

"दोन दिवस कर."

"तीन."

"अडीच?"

ती पहिल्यांदा हसली. "याच्यात भाव नाय होत, बाय."

तो उन्हाळा मला स्वप्नासारखा आठवतो. एक तुती. तीन दिवस. मग दोन. स्ट्रॉबेरीचे पातळ काप. पावसाच्या तोंडावर बी काढलेलं, कुस्करलेलं जांभूळ आणि ओवीची जांभळी जीभ. मी फळ धुवायचे, देठ काढायचे, दाबायचे, आणि वाटी केतकीच्या हातात द्यायचे. केतकी भरवायची. मी समोर मांडी घालून बघायचे. हळूहळू केतकीच विचारू लागली, "आई, मावशी आज काय म्हणाल्या?" पण चमचा तिच्याच हातात.

पुढच्या वर्षी तुती आली, मावशी आली नाही. आठवडाभर वाट पाहून मी जेट्टीवर चौकशी केली. बोटवाला म्हणाला, "ती? ती बोरं संपली तेव्हाच गेली. झोपेत."

माझा राग अजून आहे. आता तो वेगळ्याच गोष्टीचा आहे. बोरन्हाणाच्या दिवशी जे बोलायला हवं होतं, ते बोलायला मला वेळ न देता ती गेली.

रविवारी केतकीला सांगितलं, मी गोराईला जाऊन येते. ती आत गेली आणि ओवीला टोपी घालून बाहेर घेऊन आली. माझ्या पिशवीत तिने वाटी, चमचा आणि पाण्याची बाटली ठेवली.

"तू येत नाहीस?"

"नाही. तुम्ही दोघी जा." दार लावता लावता म्हणाली, "भूक लागली तर भरवा तिला."

मी पिशवी खांद्याला लावली आणि ओवीला कडेवर घेतलं.

खाडीवर धुरकट ऊन होतं. बोट चालतेय की पलीकडचा किनाराच आपल्याकडे सरकतोय, ते कळत नव्हतं. गावात विचारत विचारत घर सापडलं. दाराला कुलूप. अंगणात तुतीचं झाड, आणि खाली सगळी जमीन जांभळी झालेली. वेचायला कोणी नव्हतं. भाव सांगायलाही कोणी नव्हतं.

मी ओवीला ओट्यावर ताठ बसवलं. खालच्या फांदीवरच्या चार तुती तोडल्या, धुतल्या, दाबल्या. चमचा पुढे नेला. तिने तोंड उघडलं, चावलं, गिळलं आणि पुन्हा उघडलं.

मी त्या बंद दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले, "चुकलं गं माझं."

ओवीला वाटलं, मी तिलाच म्हणतेय. काही सांडलं की तिची आई तिला म्हणते, तसंच जांभळ्या ओठांनी ती मला म्हणाली, "असू दे."