पुलाचा बळी आणि मैनाबाई

मैनाबाई माळीण हाताची सढळ आणि जिभेची त्याहून सढळ. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या सालांत ती वलगाव सोडून मूर्तिजापूरजवळ लेकीकडे राहायची आणि आगगाडीच्या पुलाच्या कामावर भाजी, फळं आणि फुलं विकायची.

पायाच्या खड्ड्यात पोर पुरल्याशिवाय पूल उभा राहत नाही, ही आवई तेव्हा गावोगाव उठली होती. पोर धरणार कोण? बोट गेलं एलोजी रोहेकरवर. हा पुलाच्या कामावरचा कोकणातला सुतार, आपल्यासारखाच मराठी बोलणारा, पण यहुदी. त्याच्या आज्याचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून तिकडे त्यांना शनवार तेली म्हणत. एलोजीचीही शनिवारी चूल पेटत नसे आणि प्रार्थना कुणाला कळत नसे. लोकांना एवढं पुरलं. वेगळं वागणाऱ्याच्या माथी पाप मारायला पुरावा तेव्हा लागला नाही, आजही लागत नाही.

एकदा एलोजीनं तिच्याकडून गुलाब आणि फळं घेतली. म्हणाला, "पाच जातींची द्या, मोजून." मैनाबाईनं टोपली तिथंच टाकली. नदीवर जाऊन ती बायांना म्हणाली, "बळीचं सामान नेलं वं त्यानं! आज कोनाचं तरी लेकरू जाते."

दुपारी खुशालराव पाटील माणसं आणि काठ्या घेऊन निघाले. नातीला, शकुनला, घरी सोडायची भीती वाटली म्हणून कडेवर मारून मैनाबाई त्यांच्याही आधी एलोजीच्या झोपडीत डोकावली.

आत एलोजीची बायको तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. पुढ्यात ताट: गूळखोबरं घातलेले भिजवलेले पोहे, फळं, वर गुलाब.

"या बाई," एलोजी म्हणाला. "आमची दोन पोरं गेली. हे जगलं तर आमच्या एलियाहू नबीला हा मलिदा करीन, असा नवस होता."

तेवढ्यात बाहेर 'पोर सोड!' असा आरडाओरडा झाला. त्याचा चेहरा उतरला. "दूर अरबांच्या शाम देशात आमच्या लोकांवर हेच बालंट आलं होतं, मुंबईत एका बगदादी यहुदी शेठानं सांगितलं. आपल्या मुलखात येईल असं वाटलं नव्हतं."

मैनाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताट उचलून ती दारात उभी राहिली. "पाटील, मारायचं असंन तं मले मारा. बळीची गोष्ट म्या पसरवली. हा नवसाचा परसाद हाये."

"कशावरून?"

तिनं पहिला घास शकुनच्या तोंडात घातला, दुसरा स्वतःच्या. परक्या जातीच्या घरचं, चारचौघांत! खुशालरावांनी काठी खाली केली आणि ते परत फिरले.

एलोजीच्या अंगाला पुढे कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी नदीवरच्याच दोघी बाळ बघायला गेल्या. मैनाबाईला मात्र जातीनं पंगतीबाहेर काढलं. वर्षानं पंचांनी बोलावलं. "चुकली म्हन, परत घेतो."

"चुकलीच ना! नदीवर बोलली, तवा चुकली. त्याची माफी म्या त्याच्या बायकोले मांगतली. खाल्लं त्याची नाई मांगत."