मुंग्या

सुलभा गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा भास्कर कर्णिक टीव्हीसमोर बसले होते. त्यांनी आवाज तेवढा बंद केला. चित्र चालूच राहिलं. पडद्यावर कुणीतरी नाचत होतं.

त्याला आता महिना झाला. आज जेवण झाल्यावर ते तिच्या आरामखुर्चीत टेकतात, डावा हात डोक्यावरून मागे टाकतात. डोळा लागतो न लागतो तोच हाक येते.

"अहो, वर जा ना! टीव्हीला पुन्हा मुंग्या आल्यात!"

आवाज सुलभाचाच. कर्णिक उठतात ते पेणच्या जुन्या बिऱ्हाडाच्या गच्चीवरच. हातात अँटेना आहे. कडेला दवाखान्यातला हिरवा पडदा वाळत घातलाय, त्याचं त्यांना काही वाटत नाही. खाली त्यांच्या खोलीत सगळी आळी जमली आहे. शनिवारचा 'पाहुणचार' लागलाय: एक जादूगार, एक नकलाकार, एक लावणीवाली आणि आजची पाहुणी सुलभा कर्णिक, हातांच्या सावल्या करणारी. चित्रीकरण मुंबईला मागेच झालंय, त्यामुळे ती स्वतःही खाली बघायला बसली आहे.

तेव्हाही असंच झालं होतं. अँटेना सोडली की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या मुंग्या, धरली की चित्र लख्ख. बायकोचा अख्खा कार्यक्रम कर्णिकांनी गच्चीवर धरून ठेवला, पाहिला मात्र नाही. ससे-हरणं ती घरीही करायची. पण शेवटचा खेळ, पान चघळणारा म्हातारा आणि त्याच्या तोंडातून भुर्रकन उडणारी चिमणी, तो तिनं घरी कधीच केला नाही. "पुन्हा दाखवतील तेव्हा बघा," म्हणून चिडवायची. पुन्हा कधी दाखवला नाही.

"आलं का गं?" कर्णिक ओरडतात.

"आलं, आलं! आता हलू नका!"

"भाऊजी," शेजारच्या पोतनीसवहिनी खालून म्हणतात, "डोक्यावर कावळा बसला तरी उडवू नका हं!"

खाली हशा पिकतो.

"सुलभे, मी खाली येतो."

"नको! तुम्ही सोडलंत की मी जाते."

ती हे हसत म्हणते की कसं, ते कळत नाही.

"मग तू वर ये. इथे भिंतीवर कर. ऊन चांगलं आहे."

"एका वेळी किती ठिकाणी असू मी? गप्प राहा बघू, म्हातारा आला."

खाली सगळे खो खो हसतात. मग एकदम शांत होतात.

"काय झालं? चिमणी उडाली का?"

कुणी सांगत नाही.

"सुलभे, हात भरून आला गं."

"थोडं थांबा ना. एवढंच राहिलंय."

कर्णिक दात आवळून धरून ठेवतात. बोटं ऐकत नाहीत, एकेक सुटत जातात. खालून खरखर ऐकू येते.

"अहो," ती हळूच म्हणते, "मुंग्या आल्या."

कर्णिक जागे होतात. समोरचा टीव्ही बंद आहे. डावा हात डोक्यामागे आखडलाय, बोटांपासून कोपरापर्यंत नुसत्या मुंग्या. उजव्या हातानं तो उचलून ते खिडकीच्या उन्हात धरतात. भिंतीवर सावली पडते, एका हाताची, बोटं न उघडणारी.

पान चघळणारा म्हातारा त्यांनी अजून पाहिलेला नाही.