एकाच पेल्यातून

परवा फिल्म क्लबात एक जुना जपानी चित्रपट पाहिला, दोन टोळ्यांच्या वैराचा. दीड तास तरणीताठी पोरं एकमेकांना भोसकत राहतात आणि शेवटी दोन्ही म्होरके चटईवर समोरासमोर बसून एकाच पेल्यातून दारू पितात. समेट होतो. मेलेल्यांचं नावही कुणी काढत नाही.

माझ्या शेजारी धाकटा भाऊ अरुण बसला होता. वीस वर्षांपूर्वी आमच्या गावात दोन पुढाऱ्यांच्या माणसांत तलवारी चालल्या, तेव्हा त्यातल्या एकासाठी, आपल्या 'साहेबां'साठी, लढताना त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. ते दोघे पुढारी आता एकमेकांचे व्याही आहेत.

दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेतले एक गृहस्थ भारावून म्हणाले, "काय ती निष्ठा!" माझ्या अंगाची लाही लाही झाली. निष्ठा म्हणे! ती दर वेळी खालच्यांनीच का दाखवायची? भोसकून घ्यायचं त्यांनी, आणि वरच्यांनी फक्त पेला उचलायचा?

"शेवट चांगला केलाय, ताई," अरुण कुबडी सावरत म्हणाला. "मिटलं एकदाचं."

"काय मिटलं? तुझा पाय गेला, अरुण!" मी ओरडलेच. लोक वळून बघायला लागले.

तो खुर्चीवर परत बसला.

"मागच्या महिन्यात साहेब बाजारात भेटले होते," तो हळूच म्हणाला. "मी वाकून नमस्कार केला. तर हसून म्हणाले, 'आपण कुठले?'"