पांढऱ्या दारांवरच्या टिकल्या

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, नव्या स्वयंपाकघराचा फोटो बघितला, काय भारी दिसतंय!" दिसतंय खरं. ते कसं झालं, ते क्रमाने सांगते.

दुपारी जेवणं आटोपली की मी आणि तुमची काकू टीव्हीवर घरं बदलण्याचा कार्यक्रम बघायचो. कुणाचं तरी पोपडे उडालेलं घर, चार हातोडे, आणि शेवटी घरची माणसं आनंदाने रडतात. दुसऱ्याचं घर पाडलेलं बघायला बरं वाटायचं. आवरायला आपल्याला लागत नाही. नवं घर दाखवायच्या ऐन वेळी जाहिराती लागत. त्यांतही त्याच फरश्या, तोच रंग. इंग्रजीत एम.ए. केलेली बाई मी. कार्यक्रम कुठे संपतो आणि दुकान कुठे सुरू होतं, हे मला कळायला हवं होतं. पण मी रोज म्हणायचे, "छान केलंय हो." पाहुणे म्हणून गेल्यावर म्हणतो तसं. काकूने ते मनावर घेतलं.

महिन्याभरात आमची कडाप्प्याची मांडणी निघाली. माझी नजर आता अंधूक झाली आहे, ती सुधारणार नाही असं डॉक्टर म्हणतात. त्या मांडणीवर माझा हात आपोआप चालायचा. वरच्या फळीवर डावीकडून तिसरा डबा चहाचा, चौथा साखरेचा. सकाळचा चहा मी करायचे. घरात तेवढं एकच काम माझं उरलं होतं.

नव्या कपाटांची दारं पांढरी, सगळी सारखी. बसवणारा मिस्त्री पाथर्डीकडचा. म्हणाला, "आजी, हँडल न्हाई यात. नुस्तं बोट लावायचं, मोबाईलवानी."

"कुठे लावायचं ते दिसलं तर ना!"

आठवडाभर काकूच चहा आणून देई. "आई, तुम्ही निवांत बसा हो." निवांत बसून फार दमायला होतं. मग मी टिकल्यांचं पाकीट शोधलं. आजोबा गेल्यापासून ते तसंच पडून होतं. चहाच्या दाराला एक टिकली लावली, साखरेच्या दाराला दोन. बोटाला बरोबर लागतात. चहा पुन्हा माझ्याकडे आला.

परवा कपाटांच्या दुकानाची माणसं जाहिरातीसाठी फोटो काढायला आली.

"आई, तेवढ्यापुरत्या टिकल्या काढू का? फोटोत ठिपके दिसतील," काकू म्हणाली.

"काढ," मी म्हटलं.

तुम्ही बघितलात तो हाच फोटो. ओट्यावरची फुलदाणी त्यांचीच, जाताना घेऊन गेले. त्या कार्यक्रमातसुद्धा नव्या ओट्यावर कुणी चहा टाकताना मी कधी पाहिलं नाही.

आज सकाळी दारं चाचपडत पुन्हा टिकल्या लावल्या. एक दार चुकलं, त्यात मीठ निघालं. चहा झाला, थोडा उशिरा. पुन्हा फोटोला आले तर नाही म्हणायचं ठरवलं आहे. बघू, जमतं का.