झाडाखालची वेताची खुर्ची

हुद्दा: वनरक्षक. सेवा: एकतीस वर्षे, विनातक्रार. काम: नेमून दिलेल्या झाडांच्या बुंध्यांचा घेर दरवर्षी मोजणे व पानांची स्थिती वरिष्ठांस कळवणे. वास्तव्य: डोंगरावरच्या जंगलातील सरकारी निवास. निवासात राहणाऱ्या व्यक्ती: दोन.

दुसरी व्यक्ती म्हणजे त्याची बायको. ती शहरात शिवणकाम करायची. दम्याने बेजार झाली तेव्हा त्याने तिला शिलाई मशीनसकट वर आणलं. जंगलात हवा चांगली असते, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? दुपारचं जेवण झालं की तो सगळ्यात जुन्या झाडाखाली वेताची खुर्ची मांडायचा आणि ऊन कलेपर्यंत तिला उठू द्यायचा नाही. माणूस शिस्तीचा. एखाद्या वेळी औषध चुकायचं, खुर्ची नाही.

त्याच वर्षी पानं बिघडली. वरच्या बाजूला तांबूस बारीक ठिपके, शिरा मात्र हिरव्या. भिंग लावूनही कीड सापडेना. घेर वाढेनासे झाले. फॉर्मवर कारणांचे रकाने होते: आग, कीड, चोरी, वीज, इतर. त्याने 'इतर'वर खूण केली. वरून शेरा आला, 'इतर' म्हणजे काय ते स्पष्ट करावे.

एका दुपारी बायको म्हणाली, "अहो, मला खोलीतच बरं वाटतं. इथं बसलं की छाती आवळते."

"सवय नाही तुला चांगल्या हवेची."

"पानावर ठिपका दिसला की भिंग घेऊन धावता. मलाही ठिपके आले तरच बघाल वाटतं."

तो हसला. तीही हसली, मग बराच वेळ खोकत राहिली.

ती गेली त्याला दोन महिने झाले, तेव्हा संशोधन केंद्रातल्या एक बाई हवा मोजायचं यंत्र घेऊन आल्या. यंत्र ठेवायला त्यांना ती खुर्चीच सोयीची वाटली. आठवड्याने त्यांनी आकडे समजावले. शहरातल्या गाड्यांचा धूर वाऱ्याबरोबर इकडे येतो, वाटेत उन्हाने त्याचा ओझोन होतो, आणि तो पानं भाजून काढतो. माणसाची छातीही. इथे तो भर शहरातल्या रस्त्यापेक्षा जास्त भरला होता.

"दिवसभर?" त्याने विचारलं.

"नाही, सकाळी कमी. दुपारी सगळ्यात जास्त. घरात बसलं तर बराच कमी."

त्याने मान हलवली आणि चहा घेणार का, असं विचारलं.

त्या वर्षीच्या फॉर्मवर 'इतर'पुढे त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: हवा. वरून शेरा आला, मान्य. निवासात राहणाऱ्या व्यक्तींच्या रकान्यात मात्र त्याने दुरुस्ती केलेली नाही.

घरात तो एकटाच राहतो.