किल्ली न मागितल्याचे परिणाम

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात माझा प्रकल्प एका जीवाणूच्या कवचावर होता. हा जीवाणू स्वतःभोवती साखरेचं बुळबुळीत आवरण तयार करतो, म्हणजे शरीरातल्या पेशींना त्याला सहज गिळता येत नाही. आवरण बनवायला ऊर्जा खर्च होते, ते महागात पडतं, म्हणून ते कधी आणि किती बनवायचं यावर त्याच्या जनुकांचा ताबा असतो. आजूबाजूला लोह कमी पडलं की आपण कुणाच्या तरी शरीरात शिरलोय असं तो धरून चालतो आणि कवच वाढवतो. मला हेच प्लेटवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या चपट्या बशीत, दाखवायचं होतं. प्लेटवर वाढलेला जीवाणूंचा ठिपका तारेने उचलला की लाळेसारखा लांब धागा निघाला पाहिजे.

मूळ जीवाणू डीप फ्रीझरमध्ये होते आणि फ्रीझरची किल्ली प्रयोगशाळेतल्या मावशींकडे. त्या मुदखेडहून रोज नांदेडला यायच्या. किल्ली देता देता चौकशी करायच्या: लातूरला घर कुठं, वडील कशात, स्थळं बघून राहिले का. एकदा मी घाबरून इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, "आमाला बी जरा मराठीत सांगा की मॅडम."

त्यानंतर मी किल्ली मागितलीच नाही. रोज कालच्या प्लेटवरचे जीवाणू आजच्या प्लेटवर उतरवत राहिले. दोन महिने. प्रकल्पाच्या मार्गदर्शक सरांचा समज झाला की मुलगी फार कष्टाळू आहे.

मग धागा निघेनासा झाला. लोह कमी असो वा जास्त, ठिपके कोरडेच.

सरांनी प्लेट उजेडात धरली. "इथं यांना मारणारं कुणी नाही, खायला भरपूर. ज्यांची कवचाची जनुकं बिघडली, त्यांचा खर्च वाचला, ते भराभर वाढले. तुझ्याकडे आता तेच उरलेत. फ्रीझरमधले का नाही घेतलेस?"

"घ्यायला हवे होते, सर."

"शुक्रवारपर्यंत निकाल दाखव. नाहीतर प्रकल्प पुढच्या सत्रात."

तो सोमवार होता. मी मावशींकडे गेले.

"दोन महिन्यांनी आठवण आली व्हय?" त्यांनी किल्ली मुठीतच ठेवली.

"घर औसा रोडला आहे," मी म्हणाले. "बाबा शिक्षक आहेत. स्थळं बघतायत, मला आत्ता नकोय."

"मी कुठं काय इचारलं?" असं म्हणून त्यांनी किल्ली दिली.

गुरुवारी, लोह कमी असलेल्या प्लेटवरून चांगला बोटभर धागा निघाला. मावशी मागे येऊन उभ्या होत्या.

"शेंबूड हाय की हा."

"हो."

"ह्याच्यापायी रडून राहिल्ती?"

"रडत नव्हते."

"हाव, हाव."

प्रकल्प वेळेत गेला. आधीचे निकाल का फसले, तर 'जीवाणू वारंवार नव्या प्लेटवर उतरवल्यामुळे', असं मी अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं. ते वारंवार का उतरवावे लागले, हे तोंडी परीक्षेला कुणी विचारलं नाही. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याइतकेच भिडस्त निघाले.