आम्ही पित्त म्हणालो ती डोकेदुखी

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर नसत्या तर माझ्या आत्याचा उजवा डोळा गेला असता. हे आधी लिहून ठेवते, मग बाकीचं.

सातवीत शाळा सुटली आणि मी मालवणकडून मुलुंडला आत्याकडे आले. आत्या साड्यांना फॉल-बीडिंग करते. मी दवाखान्यात केसपेपर काढते. डोकं दुखतंय म्हणणारे रोजच येतात. सिस्टर त्यांना आत पाठवण्याआधी विचारतात, एकदम सुरू झालं की हळूहळू? ताप आहे? हनुवटी छातीला टेकते? ओकल्यावर उतरतं का? ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. पण घरी कुणाचंही डोकं दुखलं की आमच्याकडे नाव एकच, पित्त.

त्या रविवारी दुपारी आत्या सुई टाकून, डोकं धरून आडवी झाली. "माका पित्त झालासा वाटता गो. कोकम दी."

दिलं. ओकली. पुन्हा दिलं, पुन्हा ओकली. मी आपली बाम चोळत बसले. तिन्हीसांजेला दिवा लावला तशी ती उजव्या डोळ्यावर पदर दाबून कण्हायला लागली. तेव्हा कुठे मला सिस्टरचा तो शेवटचा प्रश्न आठवला, ओकल्यावर उतरतं का? सुट्टीचा दिवस, फोन करू की नको? केला.

"ओकून उतरलं?"

"नाही."

"डोळा बघ. लाल आहे?"

"लालभडक."

"दिव्याकडे बघायला सांग तिला."

आत्या म्हणाली, "दिव्याभोवती रंगीत कडी दिसतत गो."

मी तसंच सांगितलं. सिस्टर ओरडल्याच, "अगं, पित्त कसलं! डोळ्यातलं प्रेशर चढलंय. कोकम ठेव ते आणि रिक्षा पकड. मी डोळ्यांच्या हॉस्पिटलात पोचते."

रिक्षात मी आत्याचा डावा डोळा झाकून सारखी विचारत होते, "बोटं किती?" आधी बरोबर सांगितलं. सिग्नलला मात्र म्हणाली, "हात खय आसा तुझो?"

सिस्टर घरच्या गाऊनवर ओढणी घेऊन दारातच उभ्या होत्या. शिरेतून औषध गेलं, डोळ्यात थेंब पडले, पुढे लेझर झालं. नजर आली, सगळी नाही. सुई ओवताना आत्या आता डावा डोळा पुढे करते.

मी वाकले तर सिस्टर म्हणाल्या, "पाया बिया पडू नको. आधी सांग, दुपारीच का नाही केलास फोन?"

सिस्टर एकट्या राहतात. हल्ली केसपेपर लांब धरून वाचतात. त्यांच्या डोळ्यांवर वेळ येईल तेव्हा थेंब घालायला मी असेन. 'काही नाही गं' म्हणाल्या, तरी सगळे प्रश्न विचारीन.